कुलूप लावलेला धागा

मी माझ्या सख्ख्या बापाला चारचौघांत मूर्ख म्हणालो, तेही लेखी, आणि वर त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. तो माझा बाप आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, ही सबब मी स्वतःला पुष्कळ दिवस देऊन पाहिली. ती चालत नाही. परक्याला म्हटलं असतं तरी ते तेवढंच वाईट होतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला घरचाच माणूस लागला, यातच माझ्या अकलेची लायकी आली.

मी एका मोठ्या छापखान्यात सर्व्हर सांभाळतो. दिवसभर ते खोके घूं घूं करतात आणि मी त्यांच्या कलाने घेतो. माणसांच्या कलाने घ्यायची वेळ आली की माझा धीर संपलेला असतो. उरलेल्या वेळात मी इंटरनेटवरच्या एका मराठी मंचाचा संचालक होतो. ज्यांना आपल्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसवायचंय, म्हणजे नेहमीची सिस्टीम काढून ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायची आहे, असे नवशिके तिथे यायचे, अडायचे आणि विचारायचे. एकेका प्रश्नावरच्या चर्चेला तिथे धागा म्हणतात. धागा आवडला नाही की संचालक त्याला कुलूप लावतो. मग खाली कुणालाच काही लिहिता येत नाही. कुलूप लावण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

तिथलं माझं टोपणनाव मूळपुरुष. लिनक्समध्ये सगळे अधिकार असलेल्याला रूट म्हणतात, त्याचं हे मी केलेलं भाषांतर. नाव घेतलं तेव्हा आपण फार विनोदी आहोत असं मला वाटलं होतं. मंचावरचे लोक मला पाठीमागे मास्तर म्हणत, आणि ते कौतुकाने म्हणत नसत. 'पेन ड्राइव्हपासून खेळापर्यंत' नावाचा माझा एक लेख मंचाच्या अगदी माथ्यावर टाचलेला होता. त्यात बारा पायऱ्या होत्या आणि सगळ्यांच्या वर ठळक अक्षरांत एक ताकीद होती: जसं लिहिलंय तसंच टाईप करा, एक अक्षर कमी नको, एक अक्षर जास्त नको. या ताकिदीच्या जोरावर मी पाच वर्षं लोकांना झापत आलो होतो.

आता बाबा. बाबांनी अडतीस वर्षं ट्रक चालवला. गुडघे गेले, मग एका डोळ्याला कमी दिसायला लागलं, तेव्हा कुणी सांगायच्या आधी स्वतःहून जाऊन लायसन देऊन आले. आई गेल्यापासून ते दोन खोल्यांत एकटे राहतात, ताई दोन गल्ल्या पलीकडे. ताईच्या मुलीचा जुना कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला आणि त्यात ट्रक चालवायचा एक खेळ निघाला. खराखुरा वाटावा असा रस्ता, आरसे, वळणं, वजनकाटा. बाबांना तो खेळ वाटतच नसे. ते बूट घालून बसायचे.

त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं क्लीनर म्हणून हिंडलेला एकजण आहे. बाबा त्याला अजून छोट्या म्हणतात, छोट्याचं वय चौसष्ट. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि तो दूर, मुलीच्या गावी राहायला गेला. तिने त्यालाही तोच खेळ बसवून दिला. एका हाताने चालवता येतो. दर रविवारी सकाळी अकरा वाजता दोघं दोन गावांतून एकाच रस्त्यावर ट्रक काढायचे, फोन स्पीकरवर ठेवून. पुढे बाबा, मागे छोट्या. पंचवीस वर्षं जो शेजारी बसून रस्ता बघत आला, त्याच्या हातात आता स्वतःचं स्टिअरिंग होतं. ताई सांगायची, रविवारी सकाळी तो माणूस दाढी करून खुर्चीत बसतो. बाकी सहा दिवस त्याला बसवावं लागतं.

मग एके दिवशी खेळाच्या ॲपने जाहीर केलं की इतक्या जुन्या सिस्टीमवर आम्ही आता चालणार नाही. बाबांनी मला फोन केला. छापखान्यात त्या दिवशी एक सर्व्हर बसला होता आणि चारजण माझ्या डोक्यावर उभे होते. बाबा सावकाश, पहिल्यापासून सांगायला लागले. मी त्यांना मध्येच तोडलं. म्हणालो, बाबा, तो डबा झालाय, तुमच्याच्यानं काही होणार नाही, सोडा ते आणि टीव्ही बघा. ते म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. संध्याकाळी परत फोन करायचं मी ठरवलं होतं. केला नाही. आठवडा गेला, मग आठवणही गेली.

त्याच सुमारास मंचावर 'सावकाश' नावाचा एक नवा सभासद आला. त्याचा पहिला धागा मला पाठ आहे, पाठ व्हायला नको तितका.

'मा. मूळपुरुष यांस, सा. न. वि. वि. पत्रास कारण की, आपल्या लेखाप्रमाणे लिनक्स बसवले. बसले. आभारी आहे. ट्रकचा खेळ सुरू होतो, परंतु चित्र अडखळत पुढे जाते, डिझेलमध्ये हवा धरल्यासारखे. त्यावर आपण सातव्या पायरीत दिलेला हुकूम टाईप केला असता कमांड नॉट फाउंड असे उत्तर येते. रविवारच्या आत गाडी रस्त्यावर येणे गरजेचे आहे. कळावे, आपला, सावकाश.'

चांगल्या माणसाने हे वाचून काय केलं असतं ते मला आता दिसतं. पन्नाशी-साठीपलीकडचा कुणीतरी, कधी न केलेलं काम एकट्याने सहा पायऱ्या तडीला नेतो आणि सातव्या पायरीवर नम्रपणे दार वाजवतो. मी लिहिलं, 'हा मंच आहे, टपाल कार्यालय नाही. जसं लिहिलंय तसं टाईप केलंत तर चालेल.' सत्तावीस लोकांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. मला बरं वाटलं.

सावकाश यांचं उत्तर आलं की अक्षरशः तसेच केले आहे. मी लिहिलं की केलेलं नाही, केलं असतं तर चाललं असतं. मग त्यांनी फोनने पडद्याचा फोटो काढून टाकला. पडद्याचे फोटो टाकायचे नाहीत, मजकूर टाकायचा, हा मंचाचा नियम, आणि नियम मीच केलेला. मी फोटो उघडूनसुद्धा न बघता काढून टाकला आणि नियमाचा क्रमांक तेवढा खाली लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मजकूर लिहिला, तो असा: 'तीन वेळा तपासले. माझीच चूक असणार. परंतु ती मला दिसत नाही. आपण कृपया आणखी एकदा पाहावे. माझा जोडीदार वाट पाहतो आहे.'

त्यावर मी जे लिहिलं ते ऑफिसात दोघांना वाचूनही दाखवलं होतं. 'मूर्ख यंत्र नसतं, यंत्रापुढे बसणारा असतो. ज्यांना सूचना वाचता येत नाहीत त्यांनी यंत्राला हात लावू नये.' आणि कुलूप. उचलली जीभ लावली टाळ्याला. फरक इतकाच की जिभेने बोललेलं विरून जातं आणि हे तिथे तसंच राहिलं.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. ती म्हणाली, बाबा घड्याळ लावून कॉम्प्युटरपुढे वही घेऊन बसतात आणि मी खोलीत गेले की वही मिटतात. छोट्याकाकांचा फोन आला की गाडी गॅरेजला आहे म्हणून सांगतात. त्यांची मुलगी ताईला म्हणाली होती की सलग चार रविवार गेले, आता काका खुर्चीत बसायलाच तयार नाहीत, कशासाठी बसू म्हणतात. मग ताई मला म्हणाली, "सगळ्या जगाचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालंय बाबांचं. या रविवारी ये." मी आलो असतोच, वगैरे काहीतरी पुटपुटलो.

रविवारी साडेनऊला पोहोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाबा ब्रेड आणायला कोपऱ्यावर गेले होते. आतल्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर कॉम्प्युटर, खाली जोडीने ठेवलेले बूट. पडदा सुरू होता आणि त्यावर लिनक्स छान बसलेलं दिसत होतं. घड्याळ, भाषा, आवाज, सगळं जागच्या जागी. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की बाबांना हे कुणी करून दिलं. मग टेबलावरची वही दिसली.

वही ट्रकच्या लॉगबुकासारखी आखलेली होती. तारीख, वेळ, केलेले काम, शेरा. पहिल्या सहा पानांवर पडद्याची चित्रं काढली होती, पट्टीने चौकोन आखून, कुठलं बटण दाबायचं तिथे बाण. बाबांना इंग्रजी अक्षरं पाट्यांपुरती येतात. त्यामुळे माझ्या लेखातला प्रत्येक इंग्रजी शब्द त्यांनी पाटी रंगवावी तसा एकेक अक्षर सुटं काढून उतरवला होता. माझ्या लेखातला. ते मला पहिल्याच पानावर कळलं, कारण वर ती ताकीद उतरवलेली होती, आणि असं आडमुठं वाक्य माझ्याशिवाय कुणी लिहीत नाही. तरी मी पान उलटलं, आशेने म्हणा.

सातव्या पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'मास्तरांच्या सूचना'. त्याखाली क्रमांक घालून माझी सगळी उत्तरं होती, सुवाच्य अक्षरात. एक, जसे लिहिले आहे तसेच टाईप करणे. दोन, पत्रासारखे लिहू नये. तीन, फोटो टाकू नये, नियम क्रमांक नऊ. चार, ज्यांना सूचना वाचता येत नाहीत त्यांनी यंत्राला हात लावू नये. आणि चौथ्याच्या पुढे, वेगळ्या शाईत, शेऱ्याच्या रकान्यात: 'उपाय: सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचणे.'

मी त्या खुर्चीत बसलो. मूर्ख हा शब्द त्यांनी उतरवला नव्हता. बाकी सगळं कामाचं म्हणून ठेवलं होतं आणि तेवढं गाळलं होतं.

मी ओळखायला हवं होतं. लहानपणी बाबा महिना महिना रस्त्यावर असायचे आणि त्यांची पोस्टकार्डं यायची. प्रत्येकावर पत्रास कारण की, प्रत्येकाच्या शेवटी कळावे. ती पत्रं मी आईला मोठ्याने वाचून दाखवायचो. सावकाश हा शब्द तर मी त्यांच्याकडून जितका ऐकला तितका माझं नावही ऐकलं नसेल. मला गाडी शिकवताना चढावर माझ्या हातून चाळीस वेळा इंजिन बंद पडलं असेल. मागे गाड्यांची रांग, भोंगे, शिव्या. बाबा खिडकीतून हात काढून मागच्यांना थांबा म्हणायचे आणि मला म्हणायचे, सावकाश, क्लच सोडायची घाई नाही. चाळीस वेळा त्याच आवाजात. मी त्यांना चार वाक्यांत संपवलं.

पुढच्या पानांवर सातव्या पायरीचा हुकूम अकरा वेळा लिहिलेला होता. अकरा तारखा, अकरा वेळा, शेरा 'नाही'. आणि तेव्हा मला चूक दिसली. दिसली म्हणजे अशी की ती पाहायला अर्धा डोळाही पुरला असता. हुकमाच्या आधी, प्रत्येक वेळी, डॉलरची खूण काढलेली होती. दोन उभ्या रेघा ओढून, ठसठशीत.

लिनक्समध्ये हुकूम लिहायची जी काळी खिडकी असते, ती तयार असली की ओळीच्या आरंभी स्वतःच ही खूण दाखवते. म्हणून लेखांत हुकूम छापताना आधी ती खूण छापायची आमच्या लोकांत रीत आहे. ती टाईप करायची नसते. आम्हाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते कुणाला सांगावं लागेल हे ध्यानातच येत नाही. पहिल्या सहा पायऱ्या नुसत्या बटणांच्या होत्या; सातवीपासून पुढे प्रत्येक हुकमाआधी मी ती खूण छापली होती आणि वर ताकीद दिली होती, एक अक्षर कमी नको. जन्मभर पाटीवर लिहिलेलं पाळत आलेल्या माणसाने तेही पाळलं. माझ्या लेखाबरहुकूम वागणारा पाच वर्षांत हा एकच सभासद भेटला असेल, आणि त्याच्या धाग्याला मी कुलूप लावलं. जो फोटो मी न बघता फेकला, त्यात ती खूण असणारच होती.

बाबा पिशवी घेऊन आत आले. मला वहीपुढे बसलेलं पाहून त्यांचा चेहरा पडला. चोरी पकडली गेल्यासारखे ते पुढे आले, वही मिटली आणि म्हणाले की काही नाही, वेळ जात नाही म्हणून आपलं. तू म्हणालास ते बरोबरच होतं, आपल्याच्यानं होण्यातलं नाही. लाज मला वाटायला हवी होती आणि ती त्यांना वाटत होती. मी म्हटलं, बसा इथे, सातवी पायरी परत करू.

मी त्यांना डॉलर न घालता टाईप करायला सांगितलं. ते थांबले. "पण लेखात आहे तो."

"लेख चुकलाय बाबा."

"लेख कसा चुकेल? मास्तर फार कडक आहेत. एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही त्यांना." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "डॉलर बघून मला आधी वाटलं पैसे मागताहेत. पण पुढे कुणी मागितले नाहीत."

त्यांनी दोन बोटांनी हुकूम लिहिला, बिनडॉलरचा. मशीनने पासवर्ड विचारला. ते टाईप करायला लागले आणि हात उचलून माझ्याकडे बघायला लागले, कारण पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. मी सांगितलं की दिसत नाही, पण आत जातंय, घाबरू नका. हेही माझ्या लेखात नव्हतं. त्यांनी पासवर्ड पुरा केला, बटण दाबलं आणि काळ्या खिडकीत ओळींमागून ओळी धावायला लागल्या. चालू झालं, चालू झालं असं ते दोनदा म्हणाले, स्वतःशीच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र हलतं ठेवणारा प्रोग्राम, उतरला, बसला. ड्रायव्हर हे नाव त्यांना फार पसंत पडलं. गाडीत ड्रायव्हरच नव्हता तर चालणार कशी, म्हणाले. मी मशीन बंद करून चालू केलं आणि खेळ उघडला. रस्ता लोण्यासारखा सरकला. बाबांनी वाकून बूट चढवले.

तेव्हा दहा चाळीस झाले होते. हे सगळं व्हायला अर्धा तासही लागला नव्हता. त्यांचे चार रविवार गेले होते.

मी तिथेच थांबलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. खरं सांगतो, माझा बेत तोच होता. घरी जाऊन गुपचूप लेख दुरुस्त करायचा, कुलूप काढायचं, झालं. पण बाबांनी फोन उचलायच्या आधी वही उघडली आणि मला म्हणाले, "एक काम कर. तुझं टायपिंग भराभर आहे. त्या मास्तरांना दोन ओळी लिही माझ्या नावाने."

मी विचारलं, काय लिहायचं. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि येऊ देत असंही वाटलं. बाबा डोळे मिटून सांगायला लागले आणि मी मंच उघडून लिहायला लागलो. पत्रास कारण की, गाडी रस्त्यावर आली. लेखात खुणेचा थोडा घोटाळा आहे, तो माझ्या मुलाने काढला, तो यातला जाणकार आहे. आपण पुढच्या लोकांसाठी तेवढे दुरुस्त करावे. आपण माझ्यासाठी वेळ घालवलात, माझ्यामुळे आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल राग नसावा. कळावे.

राग नसावा हे शब्द माझ्या बोटांनी कसे उमटवले, ते त्यांनाच ठाऊक.

"पाठव," बाबा म्हणाले. मग त्यांनाच आठवलं. "पण जाणार नाही बहुतेक. कुलूप लावलंय त्यांनी. मी फार पिडलं ना."

आता पडद्यावर तो धागा होता, खाली कुलपाचं चित्र, आणि शेजारी माझा बाप. मी 'सावकाश' यांच्या खात्यातून बाहेर पडलो. नावाच्या रकान्यात मूळपुरुष लिहिलं आणि माझा पासवर्ड घातला. पासवर्ड दिसत नाही, पण नाव दिसतं. बाबा ते वाचत होते, पाटी वाचतात तसं, एकेक अक्षर. मी कुलपावर टिचकी मारली आणि ते उघडलं.

मी पडद्याकडेच बघत होतो. तोंड वर करायची हिंमत नव्हती. म्हटलं, "बाबा, तो मीच. तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणूनसुद्धा तसं लिहायला नको होतं. तुमची काही चूक नव्हती, अकराही वेळा नव्हती."

"तू होय," ते म्हणाले. आणि मग, सुटल्यासारखं, "बरं झालं. मला वाटत होतं, परक्या माणसाला त्रास देतोय."

त्यांनी दोन कानाखाली मारल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेलो असतो. हे घेऊन कुठे जायचं ते मला कळेना. मी त्यांचं पत्र धाग्यात टाकलं आणि खाली माझ्या नावाने लिहिलं, 'चूक लेखाची, म्हणजे माझी होती. सावकाश यांनी सगळं बरोबर केलं होतं. मी त्यांच्याशी नीचपणे वागलो. ते माझे वडील आहेत.' बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले की शेवटचं काढ, लोक तुला नावं ठेवतील. मी म्हटलं, ठेवू देत. आणि ते निदान मी लगेच पाठवलं, त्यांनी आणखी काही म्हणायच्या आत.

अकराला पाच कमी असताना बाबांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडे बरीच घंटी वाजली. मुलीने उचलला, बाबांचं वाक्य ऐकलं आणि फोन टेबलावर ठेवून पळाली. तिचा आवाज आतून येत होता, खुर्ची ओढल्याचा आवाज, मग कण्हणं, मग शांतता. बाबांनी इंजिन चालू ठेवलं होतं. घाई नाही, असं ते मला हाताने सांगत होते, जसा मीच घाई करत होतो.

"उस्ताद," छोट्याकाकांचा आवाज आला, एका बाजूने निसटणारा. "दाढी करायची राहिली हो."

"राहू दे. गाडी काढ."

दोन ट्रक रस्त्याला लागले. पहिलं वळण गेलं. मग छोट्याकाका म्हणाले, "तो मास्तर भेटला की सांगा मला. डावा हात चांगला आहे अजून माझा. उस्तादाला हात लावू नको म्हणतो यंत्राला." म्हणजे बाबांनी त्यांना ते वाक्य सांगितलं होतं. कुणालातरी सांगावंसं वाटण्याइतकं ते लागलं होतं.

मी खाली मान घातली. बाबांनी आरशात बघितलं, मागचा ट्रक अंतर राखून येतोय याची खात्री केली.

"असं बोलू नये छोट्या," ते म्हणाले. "चांगले आहेत मास्तर. स्वतः घरी येऊन करून दिलं त्यांनी."

"घरी आले? कुठून आले?"

"आले लांबून. अजून चहासुद्धा घेतला नाही बिचाऱ्यांनी."

मी उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. ओट्याखालची दोन कपाटं उघडली, मग वरचं फडताळ, मग परत खालचं. बापाच्या घरात चहाचं भांडं कुठे असतं, हे मला माहीत नव्हतं.